पायाचा दगड : जेम्स जेमर्सन

देवळात गेलेला माणूस कळसाला हात जोडतो; पायाच्या दगडाला कोण विचारतो? ही उपमा आपल्या मराठीत इतकी वापरून झाली आहे की, ती वाचताना आता कुणी थांबतही नाही. मी मात्र थांबतो. कारण माझे वडील गवंडी आहेत. पाया किती खोल घ्यायचा, मुरूम लागला की काळी माती, त्यावर किती भिस्त ठेवायची, हे बोलणे मी लहानपणापासून घरी ऐकत आलो आहे. इमारत उभी राहिली की पाया दिसत नाही, हे इतरांच्या दृष्टीने सुभाषित असेल. आमच्या घरी तो रोजचा व्यवहार आहे.

वार्षिकांकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आण, असे सरांनी सांगितले तेव्हा माझ्या वर्गमित्रांनी राजे, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ आपापसात वाटून घेतले. माझ्या वाट्याला जो माणूस आला तो मी निवडला नाही. त्यानेच मला निवडले म्हणाना! त्याचे नाव जेम्स जेमर्सन. तो अमेरिकेतला एक बेस गिटार वाजविणारा वादक. १९८३ साली तो वारला. आज जगभरच्या वादकांत त्याचे नाव आदराने घेतले जाते. पण ज्या काळात त्याचे वादन लाखो घरांत घुमत होते, त्या काळात ते कुणाचे हे त्या घरांतल्या एकालाही ठाऊक नव्हते.

माझी आणि त्याची गाठ पडली ती वसतिगृहात. माझ्या खोलीतल्या मित्राला जुन्या इंग्रजी गाण्यांचा भारी नाद. एका रात्री त्याने आपल्या मोबाइलचे हेडफोन माझ्या कानांना लावले आणि ‘माय गर्ल’ नावाचे गाणे ऐकवले. ‘द टेम्प्टेशन्स’ या गायकसमूहाचे हे गाणे १९६४ साली बाजारात आले. मला इंग्रजी गाण्यातले शब्द पटकन समजत नाहीत, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. परंतु या गाण्याच्या आरंभी शब्दच नाहीत. आधी येतात ते एका खर्जातल्या तंतुवाद्याचे ठोके. अगदी संथ, जणू कुणाची तरी छाती धडधडते आहे. मग त्यावर गिटार चढते, मग चुटक्या आणि त्यानंतर गायक. मी मित्राला विचारले, हे ठोके देणारा कोण? त्याला सांगता येईना. गायकांची नावे त्याला तोंडपाठ होती. गाणे कुणी रचले तेही ठाऊक होते. ठोके देणारा कोण, हे मात्र आम्हाला शोधावे लागले. त्या शोधातून हा लेख झाला.

ध्वनिमुद्रणाच्या बैठकीला तिकडे सेशन म्हणतात आणि त्या बैठकीपुरता मेहनताना घेऊन वाजविणाऱ्याला सेशन वादक. गायक बदलतात, गाणी बदलतात. वादकांचा ताफा तोच असतो. १९६० च्या दशकात लॉस एंजलिसमध्ये असाच एक ताफा होता. हॅल ब्लेन ड्रम वाजवी, जो ऑस्बर्न आणि कॅरोल के बेस वाजवीत, लॅरी नेक्टेल पियानोवर बसे. सायमन आणि गारफंकल या जोडीचे १९७० चे ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ ऐका किंवा त्याच वर्षीचे कार्पेंटर्स या बहीणभावांचे ‘क्लोज टू यू’ ऐका; गायक निराळे, कंपन्या निराळ्या, पण मागे वाजविणाऱ्यांत तेच हात सापडतात. ज्याला आपण एखाद्या काळाचा आवाज म्हणतो, तो पुष्कळदा अशा मूठभर माणसांच्या हातांचा गुण असतो. डेट्रॉइट शहरात असाच एक ताफा होता आणि जेमर्सन हा त्याचा कणा होता.

जेम्सचा जन्म २९ जानेवारी १९३६ चा. दक्षिण कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन शहराजवळ एडिस्टो नावाचे बेट आहे, तिथला. तो काळ अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसांना शाळेत, गाडीत, उपाहारगृहात वेगळे बसविण्याचा होता आणि तसा कायदाच होता. आईवडील विभक्त झालेले. लहान जेम्सला गाण्याची गोडी लागली ती घरात आणि चर्चमध्ये. असे सांगतात की, तो एक काठी मुंग्यांच्या वारुळात रोवी, तिला रबराची दोरी ताणून बांधी आणि ती छेडून मुंग्यांना नाचवी. ही गोष्ट किती खरी आणि किती मागाहून सजविलेली, कोण जाणे! पण मला ती खोटी वाटत नाही. एकच तार, जमिनीतून उठणारा हादरा आणि त्यावर नाचणारे हजारो जीव. पुढे त्याने आयुष्यभर हेच केले.

१९५४ साली तो आईबरोबर डेट्रॉइटला आला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. दक्षिणेतली हजारो काळी कुटुंबे त्या काळात कारखान्यांतल्या कामासाठी आणि थोड्याफार मोकळ्या हवेसाठी उत्तरेकडे चालली होती. तिथल्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये त्याने प्रथम उभा बेस हाती घेतला. हे वाद्य माणसाहून उंच, पोट मोठे, तारा जाड. ते उभ्याने कवटाळून बोटांनी छेडायचे. शिक्षण चालू असतानाच तो शहरातल्या जॅझ क्लबांतून वाजवू लागला. जॅझ हे कल्पकतेचे संगीत. तिथे ठरलेल्या सुरावटीवर दर वेळी नवे काही तरी बांधावे लागते. ही सवय त्याच्या बोटांत मुरली. लवकरच त्याचे ॲनीशी लग्न झाले, संसार सुरू झाला आणि संसाराला पैसा लागतो.

याच सुमारास बेरी गॉर्डी नावाचा एक तरुण डेट्रॉइटमध्ये धडपडत होता. तो पूर्वी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करत असे. सांगाडा एका टोकाने आत जातो आणि दुसऱ्या टोकाने झगझगीत मोटार बाहेर पडते, हे त्याने रोज पाहिले होते. गाणीही अशीच का तयार होऊ नयेत, असा विचार त्याच्या डोक्यात आला. जानेवारी १९५९ मध्ये घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन त्याने कंपनी काढली. हीच पुढे जगप्रसिद्ध झालेली मोटाउन. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरचे २६४८ क्रमांकाचे साधे राहते घर त्याने घेतले, त्यावर ‘हिट्सव्हिल’ अशी पाटी लावली आणि घराच्या मागच्या भागात ध्वनिमुद्रणाची खोली केली. काही पायऱ्या उतरून त्या खोलीत जावे लागे. छतावरून वायरी लोंबत, म्हणून वादकांनी तिला सापांच्या बिळाचे नाव दिले. त्या बिळात १९५९ सालापासून जेमर्सन वाजवू लागला.

तिथे जमलेली मंडळी बहुतेक जॅझमधलीच. पियानोवर आधी जो हंटर आणि मग अर्ल व्हॅन डाइक, ड्रमवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना, खंजिरीवर जॅक ॲशफर्ड. हे लोक आपल्याला ‘फंक ब्रदर्स’ म्हणवून घेत. गायक आत येत, गाऊन जात. हे मात्र तिथेच. दिवस असो, रात्र असो, निरोप आला की बिळात उतरायचे. आरंभी एका गाण्यामागे काही डॉलर हातावर पडत.

आता बेस या वाद्याचे काम काय, हे माझ्यासारख्या अजाण वाचकासाठी सांगणे भाग आहे. तबलाजोडीत डग्ग्याचे जे काम, तेच थोड्याफार फरकाने पाश्चात्त्य वाद्यवृंदात बेसचे. डग्गा नुसता ऐकायला कुणी जात नाही. पण तो बंद पडला तर ठेका पोकळ होतो. शिवाय बेसच्या अंगावर आणखी एक जबाबदारी असते. गाण्यातली स्वरसंगती कोणत्या स्वरावर उभी आहे, ते त्याने खालून सांगायचे असते. जेमर्सनच्या आधी लोकप्रिय गाण्यांतला बेसवाला बहुधा हे काम दोन स्वरांत उरकी. मूळ स्वर आणि त्याचा पंचम; एक पाऊल डावे, एक उजवे. गाणे चालले म्हणजे झाले.

जेमर्सनने या चालण्याला नाचायला शिकविले. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तो मधल्या बारीक स्वरांच्या पायऱ्या वापरी. ठोका जिथे पडेल असे आपल्याला वाटते तिथे तो गप्प बसे आणि क्षणभराने भलत्याच जागी येऊन आपल्याला चकवी. गायकाने श्वास घेतला की ती फट तो भरून काढी. गायक बोलू लागला की मागे सरे. १९६६ चे सुप्रीम्सचे ‘यू कान्ट हरी लव्ह’, त्याच वर्षीचे फोर टॉप्सचे ‘रीच आउट, आय विल बी देअर’, १९६७ चे ‘बर्नाडेट’, त्याच वर्षीचे मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचे ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ किंवा १९६८ चे स्टीव्ही वंडरचे ‘फॉर वन्स इन माय लाइफ’. ही गाणी एकदा नेहमीसारखी ऐकावीत आणि दुसऱ्यांदा फक्त खालचा आवाज धरून ऐकावीत. दुसऱ्या खेपेला तुम्हाला त्याच गाण्याच्या पोटात आणखी एक गाणे सापडेल. मला तरी सापडले. पुष्कळदा त्याच्यासमोर नुसती स्वरसंगतीची खूण लिहिलेला कागद असे. त्यावरची चाल त्याची स्वतःची असे. तरी संगीतकार म्हणून नाव दुसऱ्याचेच, ही त्या धंद्याची रीत!

त्याचे वाद्यही त्याच्यासारखेच हट्टी. उभ्या बेसवरून तो विजेच्या बेसवर आला. १९६२ सालचा फेंडर कंपनीचा ‘प्रिसिजन’ बेस त्याने वर्षानुवर्षे वाजविला. त्यावरच्या तारा जाड आणि गुळगुळीत. त्या वाद्याच्या पट्टीपासून इतक्या उंच ताणलेल्या की, दुसऱ्याला त्या दाबताच येऊ नयेत. तुटल्याशिवाय तो तारा बदलत नसे. जुन्या तारांत साठलेल्या मळामुळेच आवाज गोड होतो, अशी त्याची श्रद्धा. आणि एवढे सगळे तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवी. उभ्या बेसची ही सवय त्याने कधी सोडली नाही. सोबत्यांनी त्या तर्जनीला ‘हूक’ असे नावच ठेवले होते. एका बोटाने इतके स्वर कसे निघत, याचे नवल बेस वाजविणाऱ्यांना अजूनही वाटते.

ही गाणी किती गाजली, याचा अंदाज एका गोष्टीवरून यावा. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळविणाऱ्या ज्या गाण्यांत त्याचा बेस आहे, ती तीसच्या आसपास भरतात, अशी जाणकारांची गणना आहे. बीटल्सची अशी गाणी वीस. आणि खुद्द बीटल्समधला पॉल मॅकार्टनी जेमर्सनला आपला आदर्श मानत होता! पण गंमत पाहा, आरंभी ज्याचे वादन तो इतके मनापासून ऐकत होता, त्याचे नावही त्याला माहीत नव्हते. मोटाउनच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, गीतकार-संगीतकारांचे असे, कंपनीचे तर असेच असे, वादकांचे नसे. तबकडीवर नाव नाही, म्हणून त्या तीसच्या आकड्यालाही ‘आसपास’ म्हणावे लागते. नाव न लिहिण्याचा हा एक परिणाम. पुढे हिशेबसुद्धा लागत नाही.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. हा विषय हाती घेतला तेव्हा मला वाटले होते की, ही एका नागवल्या गेलेल्या कलावंताची करुण कहाणी असणार. पण वाचत गेलो तसे चित्र गुंतागुंतीचे झाले. जेमर्सन उपाशी नव्हता. १९६८ च्या सुमारास मोटाउन त्याला आठवड्याला हजार डॉलर देत होती, असे सांगतात. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती; त्याचे घर चांगले चालले होते. कंपनीबाहेर वाजवायला वादकांना बंदी होती, तरी हे लोक रात्री गुपचूप दुसऱ्यांसाठीही वाजवून येत. जॅकी विल्सनचे १९६७ चे ‘हायर अँड हायर’ हे गाणे अशाच चोरट्या फेरीतले. त्यासाठी ही मंडळी थेट शिकागोला गेली होती. म्हणजे दाम मिळत होता. मिळत नव्हते ते नाव. मग प्रश्न असा पडतो की, दाम मिळाल्यावर नाव मागण्याचा हक्क माणसाला राहतो की नाही?

या प्रश्नाने जेमर्सनला आतून पोखरले, असे मला वाटते. दिवसभर बिळात वाजवायचे, रात्री क्लबात जाऊन जॅझ वाजवायचे आणि मधल्या वेळात प्यायचे. दारू त्याच्या आयुष्यात लवकरच शिरली होती. १९६९ मध्ये त्याचा जिवलग सोबती, ड्रमवादक बेनी बेंजामिन वारला. बेस आणि ड्रम ही बैलजोडीच. एक बैल गेला की दुसऱ्याची चाल बिघडते. जेमर्सनचे पिणे वाढत गेले.

पण त्याच्या कलेचे शिखर याच उतरणीच्या काळातले आहे. १९७० साली मार्विन गे ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणे ध्वनिमुद्रित करत होता. व्हिएतनामचे युद्ध, रस्त्यावरचे मोर्चे, पोलिसांच्या लाठ्या, आईचे रडणे असा या गाण्याचा विषय. या गाण्याला बेस जेमर्सनचाच हवा, असा गेचा हट्ट होता. जेमर्सन कुठल्याशा क्लबात वाजवत होता, तिथून त्याला शोधून आणले. तो इतका प्यायलेला होता की, त्याला खुर्चीवर बसवेना. तेव्हा तो जमिनीवर उताणा पडला, बेस छातीवर घेतला आणि पडल्या पडल्या वाजविला, असे त्याचे सोबती सांगत. आज ते गाणे ऐकताना या अवस्थेचा मागमूससुद्धा लागत नाही. नदी जशी वळणे घेत जाते तसा तो बेस शांतपणे वाहत राहतो. घरी गेल्यावर आज आपण एका अजोड कृतीत वाजवून आलो, असे त्याने ॲनीला सांगितले म्हणे.

गाणे जानेवारी १९७१ मध्ये आले आणि त्याच नावाचा संग्रह मे महिन्यात. या संग्रहाच्या वेष्टनावर मोटाउनने प्रथमच वादकांची नावे छापली. जेमर्सनच्या नावामागे तर अतुलनीय अशा अर्थाचे विशेषणही होते. (या संग्रहातली सगळी गाणी त्याची नव्हेत, काहींत बॉब बॅबिट या दुसऱ्या वादकाचा बेस आहे, हेही सांगितले पाहिजे.) तो मोटाउनकडे वाजवू लागला त्याला तोवर बारा वर्षे झाली होती. बारा वर्षांच्या तपानंतर त्याचे नाव कागदावर उमटले! आणि हेही लक्षात घ्या : त्याच १९७१ साली तिकडे लॉस एंजलिसमध्ये कॅरोल किंग आणि जेम्स टेलर यांच्या सौम्य, घरगुती बाजाच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा त्यांवर रस कुंकेल, डॅनी कोर्चमार यांसारख्या वादकांची नावे छापून आली. रसिक ती वाचू लागले. पुढच्याच वर्षी या वादकांनी ‘द सेक्शन’ या नावाने स्वतःची तबकडीही काढली. काळ बदलत होता. जेमर्सनसाठी तो जरा उशिरा बदलला.

कारण १९७२ साली मोटाउनने डेट्रॉइट सोडले. गॉर्डीला चित्रपटांचे वेध लागले होते. कंपनी लॉस एंजलिसला गेली. वादक एक दिवस नेहमीप्रमाणे कामावर आले तो दारावर आज काम नाही अशी चिठ्ठी, असे त्यांनी पुढे सांगितले. तेरा वर्षे ज्यांच्या हातांवर कंपनी उभी राहिली, त्यांचा निरोप समारंभ एवढाच.

जेमर्सनही १९७३ मध्ये लॉस एंजलिसला गेला. तिथे त्याने कामे केली. १९७६ चे ‘यू डोन्ट हॅव टू बी अ स्टार’ हे गाजलेले गाणे त्यांतलेच. परंतु तिथली तऱ्हा निराळी होती. तिथे कागदावर लिहिलेले हुबेहूब वाजवावे लागे. नव्या काळाला खणखणीत आवाज हवा होता. निर्माते त्याला नव्या तारा लावायला सांगू लागले आणि तो काही ऐकेना. त्याच्या जुन्या, मळलेल्या तारा हाच त्याचा सूर होता. त्यात दारू. हळूहळू बोलावणी कमी झाली. ज्यांनी त्याच्या तबकड्या ऐकून ऐकून बेस शिकला होता असे तरुण वादक त्या शहरात जागोजाग काम करत होते आणि तो स्वतः मात्र घरी बसून होता.

आता जो प्रसंग सांगायचा आहे, तो वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. २५ मार्च १९८३ रोजी लॉस एंजलिसजवळच्या पॅसाडिना इथल्या सभागृहात मोटाउनचा पंचविसाव्या वर्षाचा सोहळा झाला. दूरदर्शनसाठी त्याचे चित्रीकरण होत होते. सगळे जुने गायक जमले. मायकेल जॅक्सनचे ते प्रसिद्ध नृत्य याच रात्रीचे. या सोहळ्याचे आमंत्रण जेमर्सनला नव्हते. त्याने काळ्या बाजारात तिकीट विकत घेतले आणि माडीवरच्या मागच्या रांगेत बसून आपलीच गाणी ऐकली. शेजारी बसलेल्यांना या माणसाच्या बोटाने आपले तारुण्य सजविले आहे, याची काय कल्पना!

त्यानंतर चार-सव्वाचार महिन्यांनी, २ ऑगस्ट १९८३ रोजी, जेमर्सन गेला. यकृत कामातून गेले होते, त्यात हृदयविकार आणि न्यूमोनिया. वय अवघे सत्तेचाळीस. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्याचा तो १९६२ सालचा बेस घरातून चोरीला गेला. तो परत मिळाला नाही. त्याला डेट्रॉइटला नेऊन तिथल्या वुडलॉन दफनभूमीत पुरले.

पुढची हकीकत आपल्या परिचयाची आहे. माणूस गेला की हार येतात. १९८९ मध्ये ॲलन स्लट्स्की या अभ्यासकाने ॲनीच्या मदतीने त्याचे चरित्र लिहिले आणि त्यात त्याच्या बेसच्या चाली स्वरलिपीत उतरवून छापल्या. २००० साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने मागे राहून वाजविणाऱ्यांसाठी नवा विभाग काढला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या पाच जणांत हॅल ब्लेनबरोबर जेमर्सनचे नाव होते. २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर माहितीपट आला आणि २००४ मध्ये या ताफ्याला ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. ज्या घरात ते बीळ होते, तिथे आज संग्रहालय आहे. त्याचा थोरला मुलगा, जेम्स हेच नाव घेऊन, सेशनमध्ये बेस वाजवत राहिला. तोही २०१६ साली वारला.

आता त्या प्रश्नाकडे परत येतो. जेमर्सनची शोकांतिका कंपनीने केली की दारूने? मला वाटते, दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. दारू त्याची होती. तिचा दोष कुणाच्या माथी मारता येणार नाही. त्याच ताफ्यातले जॅक ॲशफर्ड, एडी विलिस यांनीही तीच उपेक्षा भोगली. पण ते जगले आणि उशिरा का होईना, टाळ्या त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्या. पण म्हणून नाव नाकारण्याचे समर्थन होत नाही. पगार हा झालेल्या कामाचा मोबदला असतो. हे काम अमक्याने केले ही वस्तुस्थिती आहे आणि ती पगाराने विकत घेता येत नाही. फार तर दडवता येते. माडीवर बसलेला जेमर्सन त्या रात्री पैसे मागायला गेला नव्हता. उलट पदरचे पैसे घालून गेला होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा वडिलांना ‘माय गर्ल’ ऐकवले आणि ही सगळी हकीकत सांगितली. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि पहिला प्रश्न विचारला तो रोजाचा. मी हजार डॉलरचा आकडा सांगितल्यावर ते म्हणाले की, मग त्याचे काही बुडाले नाही. मी वाद घातला नाही. मजुरी वेळेवर मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. त्या मजुरीवरच मी आज महाविद्यालयाची पायरी चढलो आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजाराला निघालो. वाटेत एक शाळा लागते. तिच्या दर्शनी भिंतीत कोनशिला आहे. तीवर पाच-सहा नावे कोरलेली आहेत. या रस्त्याने आम्ही शेकडो वेळा गेलो असू. त्या दिवशी वडील थांबले. कोनशिलेकडे त्यांनी पाहिलेही नाही. मागच्या बाजूचा एक कोपरा दाखवून म्हणाले की, तिथून पुढे तीन खोल्यांचे जोते आणि भिंती त्यांच्या हातच्या आहेत. मी दोन वर्षांचा असतानाचे ते काम. त्यांनी हे मला यापूर्वी कधीच सांगितले नव्हते.

मी त्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. त्यातल्याच एका खोलीत माझा वर्ग भरत असे.